मांडव दारात घालणार असशील तर

अगं, लग्न घरच्याच अंगणात करायचं तुझ्या मनात आहे हे ऐकलं आणि फार बरं वाटलं. हायवेकडेची लॉन्स नि कार्यालयं वाईट नसतात, पण तिथे सकाळचं वऱ्हाड आवरायच्या आत संध्याकाळचं दारात येऊन उभं राहतं. घरच्या मांडवात आजीला दुपारी पाठ टेकायला तिचीच खाट असते, देवक आपल्याच देवांपुढे बसतं, आणि जेवणं उरकली का म्हणून कुणी घड्याळ दाखवत नाही. तेव्हा मी तुझ्या बाजूने आहेच. आईची समजूतही मी घालेन.

पण एक ऐक. घरच्या लग्नात पंचांग उघडायच्या आधी अंगण बघायचं. जागा किती, माती कसली, पाणी किती, हे कळलं की बाकीचं आपोआप ठरत जातं. बहुतेक घरांत उलट होतं. आधी पाहुण्यांची यादी, मग पत्रिका, आणि हिरवळीकडे लक्ष जातं ते लग्न आठ दिवसांवर आल्यावर. तेव्हा माळीकाकांना कितीही विनवण्या केल्या तरी त्यांच्या हातात काही उरलेलं नसतं.

या रविवारी बाबांना घेऊन टेपने अंगण मोज. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. खुर्चीवर बसलेल्या माणसाला, येण्याजाण्याची वाट धरून, १० ते १२ चौरस फूट लागतात असं समज. म्हणजे दोन गुंठे मोकळी जागा असेल, तर बोहलं, होम, भटजी आणि वाजंत्री यांची जागा सोडून दीडशेच्या आसपास माणसं नीट बसतील. पंगत वेगळ्या जागी. हा आकडा कागदावर लिही आणि मगच यादीला बस. ‘भावकीतले राहिले तर काय म्हणतील’ हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर आहे: उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी एखाद्या हॉलमध्ये साधं स्वागत ठेवा. आणि हा आकडा सासरच्यांच्या कानावर बोलणी होतात तेव्हाच घाल. तिकडच्या काकांनी दोनशे माणसांना तोंडी आवतण दिल्यावर कुणालाही नाही म्हणता येत नाही, आणि मग मनं दुखावतात ती कायमची.

आता हिरवळीचं. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. आपल्याकडे बहुतेक घरांत या काळात लग्नं काढत नाहीत, आणि गवत वाढायचा खरा मोसम नेमका तोच. ओल मिळते, ऊब असते, मुळं खोल जातात. थंडी पडली की आपल्याकडची लॉनची गवतं मंदावतात; नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात तर वाढ जवळपास थांबते. म्हणून लग्न मार्गशीर्षात हवं असेल तर गवत आषाढात मातीत गेलेलं असलं पाहिजे. मार्गशीर्ष मला स्वतःला सगळ्यात आवडतो. तुळशीची लग्नं लागून गेलेली असतात, पाऊस बहुधा संपलेला असतो, सकाळी हवा छान असते, आणि पौष टाळणाऱ्या घरांनाही तो चालतो.

आणि आषाढात लावायचं तर जमिनीचं काम वैशाखातच सुरू कर. इथे घाई करू नकोस, कारण पुढचं सगळं यावर आहे. ९ इंच ते फूटभर खोल खणून घे, दगडगोटे काढ, आणि ढेकळं भर उन्हात तापू दे. मग एकदा भरपूर पाणी मार आणि दोन आठवडे थांब. खालचं तण, विशेषतः लव्हाळा, वर डोकं काढेल. तो वरवर उपटू नकोस. पात हातात येते आणि खालची गाठ तशीच राहते, आणि त्या गाठीतून पुन्हा फुटवे येतात. खुरप्याने किंवा कुदळीने गाठीसकट काढायचा. शक्य असेल तर हे दोनदा कर. लॉन एकदा दाट झालं की त्यातून लव्हाळा काढणं फार जिकिरीचं असतं.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हात भेगाळते. अशा मातीवर दीडशे माणसं वावरली की ती घट्ट बसते, मग मुळांना हवा मिळत नाही. म्हणून वरच्या थरात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून घे. शेणखत कच्चं असेल तर हुमणी आणि तण दोन्ही सोबत आणतं. हातात घेऊन वास घे, उग्र वास आला तर परत पाठव. जमीन सपाट करताना घरापासून बाहेरच्या बाजूला १० फुटांमागे इंच-दीड इंच उतार ठेव. मार्गशीर्षातही अवकाळी पाऊस येतो, आणि पाणी जोत्याशी तुंबलं तर मांडवात चिखल होतो.

गवत कुठलं? रोपवाटिकेत तुला मखमलीसारखं मेक्सिकन दाखवतील. दिसतं सुंदर, पण सावकाश पसरतं आणि खुर्च्यांच्या गर्दीनंतर लवकर सावरत नाही. माझं ऐकशील तर सिलेक्शन वन घे. ते आपल्या हरळीच्याच कुळातलं आहे, ऊन सोसतं, तुडवलं तरी पुन्हा फुटतं. फक्त त्याला सावली चालत नाही. आंब्याखाली किंवा घराच्या उत्तरेला, जिथे दिवसाचं ऊन पोहोचत नाही, तिथे लॉनचा हट्ट धरू नकोस. तिथे फरशी घाल किंवा जमीन चोपून सारवून घे, आणि आहेर, सरबत असल्या गोष्टींची जागा तिथेच कर.

हातात तीन-चार महिने असतील तर गवताच्या मुळ्या ४ ते ६ इंचांवर टोचून लाव. स्वस्तही पडतं आणि मूळही पक्कं धरतं. वेळ गेली असेल तर तयार लाद्या अंथराव्या लागतील. त्या घेताना एखादी लादी उलटी करून खालची बाजू बघ. लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर पूर्ण माल नाकार. लाद्यांना मूळ धरायला निदान तीन-चार आठवडे हवेत. त्याआधी माणसं चालली की त्या पायाखाली सरकतात, आणि नऊवारी नेसलेल्या काकूंसाठी ते धोक्याचं आहे.

पाण्याचंही आधीच बघ. उन्हाळ्यात एका गुंठ्याच्या हिरवळीला रोज ५०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. तुमच्याकडे बोअरला बारमाही पाणी असेल तर ठीक. पण टँकर मागवून लॉन जगवायचं असेल तर ते करूच नकोस. सोलापूर, बीड, धाराशिवकडे माझ्या मैत्रिणींची लग्नं सडा घातलेल्या मातीच्या अंगणात झाली, रांगोळ्या, केळीचे खांब, झेंडूच्या माळा, आणि मला ती आजही डोळ्यांपुढे दिसतात. शेजारी हंड्यासाठी ताटकळत असताना आपण गवतावर पाणी फवारणं मला पटत नाही.

गवत दाट झाल्यावर कापणीचा नियम एकच: एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही. उंची सव्वा-दीड इंच राहू दे. मशीनचं पातं धार लावून घे. बोथट पात्याने गवत फाटतं आणि टोकं तपकिरी पडतात, आणि ते फोटोत लगेच दिसतं. खत द्यायचं तर लग्नाच्या तीन आठवडे आधी, एका गुंठ्याला किलोभर युरियापेक्षा जास्त नको, आणि टाकल्याबरोबर भरपूर पाणी. कीटकनाशक मात्र शेवटचे पंधरा दिवस अजिबात नको. त्या गवतावर लहान मुलं लोळणार, आणि तुम्ही दोघं सप्तपदीला अनवाणी असणार.

आता लग्नाचा आठवडा. शेवटची कापणी दोन-तीन दिवस आधी. शेवटचं पाणी दोन दिवस आधी, पोटभर, नंतर बंद. जमीन वरून कोरडी असली की खुर्च्यांचे पाय रुतत नाहीत. मांडववाल्याला आपली सोय म्हणून चार दिवस आधी कापड ताणायचं असतं. त्याला नम्रपणे पण ठामपणे सांग की लोखंडी सांगाडा लवकर चालेल, छताचं कापड आदल्या दिवशीच. दिवसेंदिवस सावलीत गवत पिवळं पडतं. खांब पुरायचे नाहीत, बुडाला पत्र्याची चकती असलेले खांब माग. जमिनीवरची मॅट सकाळी अंथरायची आणि रात्री गुंडाळायची. मुहूर्तमेढ मात्र जमिनीत रोवायची असते, तेव्हा तिची जागा आधीच हिरवळीच्या कडेला, फुलझाडांच्या वाफ्यात, भटजींना विचारून ठरव.

हळद मागच्या बाजूला, फरशीवर किंवा न्हाणीजवळ. तेल, उटणं, साबण गवतात गेला की डाग पडतात, आणि ओल्या जमिनीवर नाचलं की चिखल होतो. आचारी, भट्ट्या, खरकटं धुणं हे सगळं हिरवळीपासून लांब. गरम पाण्याची एक बादली ओतली तरी तेवढं गवत मरतं, म्हणून हे आचाऱ्याला आणि त्याच्या माणसांना तू स्वतः दाखवून सांग. लाजाहोमाचं कुंड थेट गवतावर नको. खाली प्लायवूड, त्यावर वाळूचा जाड थर, त्यावर विटा आणि मग कुंड. शेजारी पाण्याची बादली झाकून ठेव, तुझा शेला आणि पदर सांभाळायला एक करवली फक्त तिथेच उभी कर.

अक्षतांबद्दल आईशी बोल. मंगलाष्टकांत मूठमूठ तांदूळ उडतात आणि गवतात अडकून कुजतात, मुंग्या येतात. विधीपुरत्या अक्षता घरच्या चार मोठ्यांच्या हातात आणि बाकी सगळ्यांना झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या, असं आता बरीच घरं करतात. मला ते अन्नाच्या दृष्टीनेही बरोबर वाटतं. चमकीचे कागद उडवणाऱ्या नळ्या मात्र मुळीच आणू देऊ नकोस, त्यातला प्लास्टिकचा चुरा महिनोन्महिने गवतातून निघत राहतो.

माणसांचं विसरू नकोस. हिरवळीवर काठी टेकत चालणं म्हाताऱ्यांना अवघड जातं. फाटकापासून खुर्च्यांपर्यंत प्लायची एक पायवाट घाल, तिच्यावरून चाकाची खुर्चीही जाते. घरातल्या एक-दोन संडासांवर दीडशे माणसं ढकलू नकोस, फिरती स्वच्छतागृहं भाड्याने मिळतात. संध्याकाळी दिवे लागले की पाखरं येतात. झगझगीत पांढरे दिवे फाटकाशी लाव, जेवणाजवळ पिवळसर, मंद. आणि शेजाऱ्यांकडे पत्रिका घेऊन तू स्वतः जा, गाड्या कुठे लागणार तेही सांग. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, वाजंत्रीवाल्यांना आगाऊ रक्कम देतानाच ही वेळ सांगून ठेव.

लग्न झाल्यावर तू सासरी असशील, म्हणून पुढचं आईबाबांना लिहून दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवून खराट्याने आणि दाताळ्याने हलक्या हाताने झाडून घ्यायचं. मग भरपूर पाणी. जिथे जमीन दबली असेल तिथे लोखंडी पंजाने तीन-चार इंच खोल भोकं पाडून वर वाळू-शेणखत पसरायचं. पिवळं पडलं म्हणून लगेच युरिया मारायचा नाही, दमलेल्या गवताला तो जाळतो. दोन-तीन आठवडे फक्त पाणी, आणि कुणी खेळायचं नाही. थंडीत सावरायला वेळ लागतो, आईला धीर धरायला सांग.

आणि एक काम मांडवाच्या गडबडीत हमखास मागे पडतं. महाराष्ट्रात लग्नानंतर ९० दिवसांच्या आत विवाहनोंदणी करायची असते, तीन साक्षीदार लागतात. (तुम्ही विशेष विवाह कायद्याने करणार असाल तर हिशेब वेगळा; तिथे ३० दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते.) साक्षीदार कोण हे लग्नाआधीच ठरव, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, लग्नपत्रिका आणि विधीचा एक स्वच्छ फोटो एका पाकिटात घालून ते पाकीट माझ्याकडे दे. भटजींची सही त्याच दिवशी, दक्षिणा देतानाच घेऊन टाकू. मांडवपरतणीला दोघं याल त्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन येऊ. तिसरी साक्षीदार म्हणून मी आहेच.