खाशाबा जाधव आणि जपानचा मल्ल

जत्रेतली कुस्ती धर्मापुरीच्या माणसाला नव्याने सांगायला नको. हलगी वाजते, माती उडते, आणि पाठ जमिनीला लागली की गडी चीतपट! हा नियम लहान पोरालाही पाठ असतो. पण कुस्तीचे काही नियम कागदावर लिहिलेले असतात. ते माहीत असणे ताकदीइतकेच गरजेचे आहे. ते कसे, हे आम्ही खाशाबा जाधवांच्या गोष्टीतून सांगतो.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. घरातच तालमीचे वारे. खाशाबा अंगाने लहान, पण मोठे चपळ. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. तालीम केली म्हणून शाळा सोडली नाही. ते कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

दर चार वर्षांनी जगातले खेळाडू एका ठिकाणी जमतात. त्या खेळांना ऑलिंपिक म्हणतात. 1948 साली ते लंडनला भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांचा खर्च उचलला. तिथे बघतात तो काय, माती नाहीच! कुस्ती गादीवर. वेळ ठरलेली, आणि पाठ लागली नाही तर गुण मोजून निकाल. सगळेच नवे. तरीही त्यांनी आपल्या वजनगटात सहावा नंबर मिळवला. घरी आले ते पुढच्या तयारीला लागले.

पुढचे ऑलिंपिक 1952 साली फिनलंड देशात, हेलसिंकी शहरात होते. मद्रासच्या स्पर्धेत खाशाबा एका गुणाने मागे पडले, आणि निवड हुकली. हा अन्याय आहे असे त्यांना वाटले. ते रडत बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली. खाशाबांनी त्याच मल्लाला चीत केले, आणि निवड झाली.

आता प्रश्न पैशाचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. गुरू असावा तर असा!

हेलसिंकीत खाशाबा 57 किलो वजनाच्या गटात उतरले. त्याच गटात जपानचे शोहाची इशी होते. त्यांचाही जन्म 1926 सालचाच. ते मूळचे जुदो खेळणारे. जुदो म्हणजे जपानी झोंबी. 1945 साली जपान महायुद्धात हरला, आणि तिथे राज्य करणाऱ्या अमेरिकनांनी शाळांतून जुदो बंद केला. तेव्हा इशी कुस्तीकडे वळले. एक मातीतून गादीवर आला, दुसरा जुदोतून. दोघांनीही नवे नियम शिकून घेतले.

खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. मग इशींशी गाठ पडली. झुंज लांबली. खाशाबा पार थकले, आणि इशी जिंकले. लगेच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विसावा द्यावा, असा नियम होता. पण तो नियम पुढे करून खाशाबांची बाजू मांडणारा भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेल्या अंगाने ते उतरले, आणि हरले.

इशींना सोन्याचे पदक मिळाले. त्या ऑलिंपिकात जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण. सोव्हिएत मल्लाला रौप्य, आणि खाशाबांना कांस्यपदक. स्वतंत्र भारताच्या एका खेळाडूने एकट्याने मिळवलेले हे पहिले ऑलिंपिक पदक! असे दुसरे पदक यायला 1996 साल उजाडले.

तो अर्धा तास मिळाला असता तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण तो खाशाबांच्या हक्काचा होता, एवढे खरे. निवडीच्या वेळी दाद मागितली, तर न्याय मिळाला. हेलसिंकीत दाद मागणारा कोणी नव्हता, तर हक्क बुडाला. रेशनचे दुकान असो, सातबारा असो की बाजारातली पावती असो, तिथेही असेच असते. नियम कागदावर पडून राहतो. तो वाचून, "हे माझ्या हक्काचं आहे" असं म्हणणारा माणूस लागतो. तुम्ही आता वाचू लागला आहात. तेव्हा तो माणूस तुम्हीच!

खाशाबा परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण ते उपकार विसरले नाहीत. कुस्त्या भरवून त्यांनी खर्डेकरांचे कर्ज फेडले. 1955 साली ते पोलिसात फौजदार झाले, आणि सहायक आयुक्ताच्या हुद्द्यापर्यंत चढले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, पण मरणानंतर.

वाचा आणि सांगा:
1. मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत काय फरक आहे?
2. निवड हुकल्यावर खाशाबांनी काय केले?
3. तुमच्या हक्काचा एखादा नियम शोधून वहीत लिहा.