हात थरथरतो, सही बारीक होते

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरतो, कप उचलला की थांबतो. सहीही बारीक होत चालली आहे. हे वयामुळे असेल का? खाजकुहिलीचे चूर्ण द्यावे का?
– एक वाचक, वलगाव (जि. अमरावती)

उत्तर : ही लक्षणे पार्किन्सन्सची असू शकतात, वयावर ढकलू नका. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी डोपामिन तयार करतात. हालचालीचा वेग आणि आवाका त्यावर अवलंबून असतो. या पेशी झिजल्या की कंप येतो, चाल मंदावते, अक्षर आक्रसते. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकात डोपामिनचे महत्त्व दाखवले. २००० साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच संशोधनातून पुढे आलेले लेव्होडोपा आजही सर्वांत प्रभावी औषध आहे.

खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपा असते, पण चूर्णात ते किती, याचा भरवसा नसतो. त्यामुळे परस्पर देऊ नका. अमरावतीला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. निदान मुख्यतः प्रत्यक्ष तपासणीवरच होते. गोळ्या सुरू झाल्यास साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास द्या, कारण वरण-दुधातली प्रथिने औषधाचा परिणाम कमी करू शकतात. रोज चालणे आणि व्यायाम हवाच. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एकाएकी कधीही बंद करू नका.