मंडळीच्या जुन्या नोंदवह्या कशा जपाव्यात?

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या जुन्या मंडळीच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या जीर्ण झाल्या आहेत. लॅमिनेशन करावे का? हा इतिहास तरुणांपर्यंत कसा न्यावा?

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नका. उष्णतेने कागदाला इजा होते आणि प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीही टाळा, तिचा गोंद पिवळा पडून शाई खातो. प्रत्येक वही आम्लमुक्त कागदात गुंडाळून, भिंतीला न टेकलेल्या कपाटात आडवी ठेवा. पाळक व पंच कमिटीची लेखी परवानगी घेऊन पानांचे फोटो काढा. वही पूर्ण उघडत नसेल तर दाबू नका, खाली उशी द्या. फोटोंच्या तीन प्रती करा आणि एक गावाबाहेर ठेवा.

नोंदी पडताळायला ‘ज्ञानोदय’चे जुने अंक पाहा. अमेरिकन मराठी मिशनचे हे नियतकालिक 1842 मध्ये तुमच्याच अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) सुरू झाले, पुढे रेव्ह. ना. वा. टिळकांनीही त्याच्या संपादनाचे काम केले.

वह्यांत तारखा सापडतील, माणसे मात्र आजी-आजोबांच्या आठवणींत आहेत. दुष्काळात मंडळी कशी तगली, कीर्तनाला साथ कोण करी, हे त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करा. जुन्या फोटोंमागे नावे मऊ पेन्सिलीनेच लिहा. वर्धापनदिनी फोटोंच्या प्रतींचे प्रदर्शन भरवा. हयात व्यक्तींच्या नोंदी जाहीर करू नका. आठवणींपासून आजच सुरुवात करा. वह्या थोड्या थांबतील, वयोवृद्ध माणसे थांबणार नाहीत.