एक कान काढून गाऊ नकोस

चि. मनू,

रविवारच्या कार्यक्रमाची हकिगत मला ढोलकीवाल्या अण्णांकडून कळली, तुझ्याकडून नाही. मध्यंतरानंतर तू डाव्या कानातलं इन-इअर काढून खांद्यावर टाकलंस, उजव्याचा आवाज बेल्टपॅकवर पूर्ण चढवलास आणि शेवटपर्यंत तशीच गायलीस. शिवाय भर कार्यक्रमात माइकवरून साउंडवाल्याला म्हणालीस, "दादा, झोपलात का?" लोक हसले म्हणे.

दुसऱ्या गोष्टीचा मला राग आला. पहिलीची भीती वाटली. रागावणार आहेच, पण आधी भीतीचं बोलतो.

एक कान मोकळा सोडलास की त्यात स्टेजवरचा सगळा गोंगाट शिरतो: ड्रम, कीजचा अँप, हॉलमधून परत येणारा घुमारा. त्याच्यावर मात करायला तू दुसऱ्या कानात आवाज वाढवत जातेस. त्यात एकच आवाज दोन कानांनी ऐकला की मोठा वाटतो; एक काढलास की तेवढाच वाटायला उरलेल्यात जास्त ओतावा लागतो. आणि हे सगळं बंद कानात, पडद्याच्या अगदी जवळ. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेचं प्रमाण असं आहे की 85 डेसिबल आवाजात आठ तास चालतील, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. तुझा कार्यक्रम तीन तासांचा, आणि सीझनमध्ये आठवड्याला किती होतात ते तूच मोज.

माझा उजवा कान तुला माहीत आहे. लहानपणी तू त्यात गुपितं सांगायचीस आणि मी नुसतं "हं हं" म्हणायचो. तुझी आई फोनवर अजून ओरडून बोलते ती त्याच्यामुळेच. ऑर्केस्ट्रात मी ऑक्टोपॅडला बसायचो तेव्हा मॉनिटरचा मोठा खोका उजव्या हाताला, माझ्याकडे तोंड करून ठेवलेला असायचा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजायची, सकाळपर्यंत जायची. मग एका सीझनला ती गेलीच नाही. कमी करा, एवढं म्हणायला मला संकोच वाटायचा. पोरगा कच्चा आहे, असं कुणी म्हणेल याची धास्ती. कानाच्या आतल्या त्या बारीक पेशी माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगतो.

तू कान का काढलास, हे मला कळतं. कान बंद झाले की स्वतःचा आवाज कवटीत घुमल्यासारखा वाटतो, समोरची माणसं नाहीशी होतात, टाळ्या लांबून येतात. गाणाऱ्याला ते सोसत नाही. पण त्यावरचा उपाय मिक्सरवर बसलेल्या माणसाकडे असतो, कान काढण्यात नाही. स्टेजच्या दोन्ही कडांना प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावायला सांग. ते हॉलच्या स्पीकरला द्यायचे नाहीत, फक्त तुमच्या कानांत थोडे द्यायचे. हॉल लगेच परत येतो. तुझा मिक्स स्टिरिओ करून माग: ढोलकी एका बाजूला, कीज दुसऱ्या, तू मधे. वाद्यं अशी पसरली की कमी आवाजातही वेगळी ऐकू येतात. आणि काही ऐकू येत नसेल तर "मला वाढवा" म्हणण्याआधी "बाकीचे कमी करा" म्हणून बघ. हे एवढं केलंस तरी माझी निम्मी काळजी मिटेल.

आता रागाचं. अण्णा म्हणाले, हिचा आवाज हिलाच मधेच ऐकू येईनासा व्हायचा. मला वेगळाच संशय आहे. तुझ्या कानात आवाज पाठवणारा ऑक्स पोस्ट-फेडर राहिला असणार. म्हणजे साउंडवाल्याने प्रेक्षकांसाठी तुझा फेडर खाली आणला की तू तुझ्या कानातूनही गायब. साउंड चेकला पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझा ऑक्स प्री-फेडर आहे ना? दहा सेकंदांचं काम. ते झालं असतं तर त्या बिचाऱ्याला चारशे माणसांसमोर ऐकून घ्यावं लागलं नसतं.

मोठ्या दौऱ्यांवर स्टेजच्या कडेला मॉनिटरचा वेगळा इंजिनियर आणि वेगळा मिक्सर असतो. आपल्या नाट्यगृहांत बहुतेक वेळा मागे बसलेला एकच माणूस हॉलही सांभाळतो आणि तुमचे सहा कानही. सकाळी त्याच्याकडे शाळेचं स्नेहसंमेलन झालेलं असतं, दुपारी नाटक, आणि तुम्ही गाडीतून उतरता तेव्हा पडदा उघडायला जेमतेम तास असतो. म्हणून चॅनलची यादी आणि कोण कुठे उभं राहणार त्याचा कागद दोन दिवस आधी पाठवत जा. तुमच्या इन-इअरची फ्रिक्वेन्सी कळव, म्हणजे त्याचे वायरलेस माइक तिच्यावर येणार नाहीत. गेल्यावर त्याचं नाव विचार, चहा त्याच्याबरोबर घे. खुणा ठरवून ठेव: वाद्याकडे बोट, मग अंगठा वर किंवा खाली. माइक प्रेक्षकांसाठी असतो, मनू. ज्याच्या हातात तुझा कान आहे त्याला सगळ्यांदेखत तोंडघशी पाडायचं नसतं.

बेल्टपॅक नेहमी शून्यावर ठेवून कानात घाल, मग हळूहळू चढव. लिमिटर चालू आहे का बघ. कुणी चालू माइकची तार ओढली तर तो धडाका थेट पडद्यावर बसतो. सेल मध्यंतरात बदल, उरलेत असं वाटलं तरी. आणि कान काढावासा वाटलाच तर दोन्ही काढ आणि साध्या मॉनिटरवर गा, पण एक नको. हे मी पुन्हा पुन्हा लिहितोय, कळतंय मला. राहवत नाही.

त्या साउंडवाल्याला एक फोन कर. "चुकलं" एवढंच म्हण. तुला ते येतं. मोठी झाल्यावर माणसं विसरतात, तू विसरू नकोस.

खूप बोललो. अण्णांनी त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही पाठवलं. शेवटची भैरवी मी डावा कान लावून दोनदा ऐकली. एका कानावर गातेयस, रागात आहेस, तरी सूर जागचा हलला नाही. कोमल निषादावर थांबलीस तिथे मी डोळे पुसले. तुझ्या आजीने ऐकायला हवं होतं.

तुझे ते रबरी टोकांचे इन-इअर तुला नीट बसत नाहीत, तोंड उघडलंस की सैल होतात. कानाच्या मापाचे करून घेऊ. साचा घेताना तोंड उघडं ठेवायचं असतं, गाणाऱ्यांचा तसाच घेतात. पुढच्या महिन्यात सुटी काढ, पुण्यात ऑडिओलॉजिस्टकडे आपण दोघं जाऊ. तुझी ऐकण्याची तपासणीही करू, पुढे दरवर्षी ताडून बघता येईल. खर्च माझा. ताईला सांगू नकोस, म्हणेल भाचीला लाडावतोस. लाडावतोच मी.

जेवणाच्या वेळा सांभाळ, रात्रीच्या गाडीत पुढे बसू नकोस.

तुझा,
मामा