कॉट बेसिसवर खोल्या: आधी गरम पाण्याचा हिशोब, मग कर्ज

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात खोल्या भाड्याने द्यायच्या म्हटलं की आपण भाडं आणि हप्ता एवढंच मोजतो. थंडीत मुलं मात्र आधी विचारतात, "गरम पाणी आहे का?"

चला, एक उदाहरण मांडू.

जमा: 8 कॉट, प्रत्येकी 2,000 रुपये. सुट्टीचे 2 महिने खोल्या रिकाम्या. म्हणजे वर्षाला 1,60,000.

हप्ता: 10 लाख कर्ज, 9 टक्के, 15 वर्षं. महिना सुमारे 10,150, वर्षाला 1,21,800.

गरम पाणी: 20 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला साधारण 0.6 युनिट लागतं. 8 मुलं, 10 महिने, म्हणजे 1,440 युनिट. 10 रुपये दर धरला तर 14,400.

शिल्लक: 23,800. यातूनच घरफाळा, पाणीपट्टी आणि दुरुस्ती!

आता एकच कॉट वर्षभर रिकामी राहिली तर? 20,000 गेले. शिल्लक जवळजवळ संपली, हप्ता मात्र थांबत नाही.

सोलर बसवला तर वीज वाचते. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात गिझर लागतोच. म्हणून सोलरचा खर्च कर्ज काढतानाच धरा. आणि एक कॉट रिकामी धरूनही हप्ता निघत असेल, तरच सही करा.