दोन पेग आणि ‘युक्त’ या शब्दाचं माप



आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला १७वा. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागणं ज्याचं मापात, त्याचा योग दुःख घालवतो, हा त्याचा साधा अर्थ.

गोराईत संध्याकाळी बाकावर बसलेले एखादे निवृत्त काका हमखास म्हणतात, “गीतेतच आहे ना, सगळं मापात! माझे दोन पेगही मापातच.” पण माप कुठल्या वयाचं? तिशीचं की सत्तरीचं? वय वाढतं तसे स्नायू घटतात, शरीरातलं पाणीही कमी होतं. मग तेवढेच ६० मिली रक्तात जास्त चढतात. पेला तोच राहिला, भांडं लहान झालं.

आता श्लोकातले शब्द एकेक घेऊ. विहार: दारूने तोल जातो, त्यात बीपीची किंवा झोपेची गोळी असेल तर चक्कर. कर्म: आधीच घटणारे स्नायू जास्त दारूने आणखी कमजोर होतात. झोप: पटकन लागते, पण उत्तररात्री मोडते. लघवीला उठायचं, अंधारात पाय घसरायचा, आणि खुब्याचं हाड मोडलं की स्वतःच्या पायांनी देवळात जाणंही अवघड.

“थोडी घेणारे म्हातारे जास्त ठणठणीत” असे फॉरवर्डही येतात. काही पाहण्यांत तसं दिसतं. पण ‘न पिणाऱ्यां’मध्ये आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जातात, म्हणून तुलना फसते. दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. खाडीपलीकडच्या पॅगोडात शिकवलं जाणारं पाचवं शीलही नशेपासून दूर राहण्याचंच.

मग बाबांना झापायचं का? नाही. याच श्लोकावर माउली बोलणंही मोजकं आणि पाऊलही मोजकं ठेवायला सांगतात. आणि एक जपा: रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावू नका. थरकाप, भ्रम, फिट येऊ शकते. आधी डॉक्टर.

आजचा अभ्यास: बाबांसोबत १५ मिनिटं चाला. हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, ते हसतखेळत बघा. बोलणं तिथून सुरू करा.

राम कृष्ण हरी!