चटईची खोली आणि योगासनें

योगासनांस काय काय लागतें असें विचारलें, तर विद्यार्थी शरीर, श्वास व सवड हीं तीन नांवें सांगतात. चौथें नांव जागेचें. तें घेतलेंच तर सबब म्हणून घेतात: "आमच्या घरांत जागाच नाहीं!" ही सबब कितपत खरी, हें पाहण्यासाठीं आपण जपानांतील जुन्या धाटणीच्या खोलीचा विचार करूं.

या खोलीस तिकडे 'वाशित्सु' म्हणतात. तिच्या जमिनीवर 'तातामी' नांवाच्या जाड चटया एकमेकींस भिडवून बसविलेल्या असतात. जुन्या रीतीच्या तातामींत भाताचा पेंढा दाबून भरतात व वर 'इगुसा' नांवाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचें विणकाम असतें. एक चटई सुमारें ६ फूट लांब, ३ फूट रुंद व २ इंच जाड असते. प्रांतपरत्वें हें माप थोडें बदलतें. खोलीचा आकारही तेथें चटयांनींच सांगतात: साडेचार चटयांची, सहा चटयांची, आठ चटयांची. क्योतो येथील गिन्काकुजी मंदिराच्या आवारांत पंधराव्या शतकाच्या अखेरची साडेचार चटयांची एक खोली आजही जतन केलेली आहे.

या खोलींत पलंग नसतो, उंच खुर्च्या नसतात. रात्रीं गाद्या अंथरतात व सकाळीं घडी करून भिंतींतील कपाटांत ठेवतात. म्हणून एकच खोली रात्रीं शयनगृह व दिवसां बैठक होते. जागेपणीं माणसास अर्धी चटई पुरते, निजतांना एक, अशा अर्थाची एक जपानी म्हण आहे. आसनांचा हिशेबही असाच आहे. पद्मासनास अर्धी चटई पुरे, शवासनास एक. त्रिकोणासनांत हात पसरावयाचे असल्यास शेजारच्या चटईची थोडी उसनवारी करावी लागते, इतकेंच.

अशा खोलींत आसनें करावयाचीं तर कांहीं नियम पाळावे लागतात. पादत्राणें घराच्या दाराशींच काढावयाचीं. घरांतल्या सपाताही चटईवर न्यावयाच्या नाहींत. चटईच्या कापडी कांठावर पाय न देणें हा तेथील शिष्टाचार. 'तोकोनोमा' नांवाच्या कोनाड्यांत एखादें चित्र व फूल मांडलेलें असतें. तेथें आपलें सामान ठेवूं नये. सरकत्या दारांस कागद लावलेला असतो, म्हणून हातपाय पसरण्यापूर्वीं अंतर पाहून घ्यावें. गवत घाम शोषून घेतें. यास्तव वर सुती सतरंजी अंथरावी व शेवटीं विणीच्या दिशेनें कोरडें फडकें फिरवावें. चटई किंचित् दबते. त्यामुळें वृक्षासनांत तोल सांभाळण्यास अधिक लक्ष लागतें, परंतु गुडघे टेकावयाच्या आसनांत तोच मऊपणा उपकारक होतो.

जपानी लोक औपचारिक प्रसंगीं 'सेइझा' या बैठकींत बसतात. गुडघे दुमडून टांचांवर बसण्याची ही रीत आपल्या वज्रासनाशीं पुष्कळ जुळते. संवय नसल्यास पाय लवकर बधिर होतात. तेव्हां सावकाश उठावें, व गुडघे दुखत असल्यास हट्ट धरूं नये. दोन्ही देशांचें नातें शब्दांतही दिसतें. संस्कृत 'ध्यान' हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्यें जाऊन 'चान' झाला व जपानांत 'झेन' झाला. जर्मनींत जन्मलेले येशूसंघीय धर्मोपदेशक ह्यूगो लासाल १९२९ सालीं जपानांत गेले. त्यांनीं झेनची बैठक शिकून ख्रिस्ती प्रार्थनेंतील मौनास तिची जोड दिली.

युनेस्कोनें मानवी वारशाच्या यादींत २०१६ सालीं भारतांतील योग घेतला, आणि २०२० सालीं जपानी काष्ठवास्तूंच्या कारागिरीबरोबर तातामी बनविण्याची कलाही घेतली. तरीही जपानांतील नव्या घरांत चटईच्या खोल्या कमी होत चालल्या आहेत. यादींत नांव लागल्यानें विद्या टिकत नाहीं. ती रोजच्या वापरांत असावी लागते. योगाचेंही तसेंच आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. मुंबईच्या चाळींत कित्येक कुटुंबांनीं एकाच खोलींत संसार केला, तो याच युक्तीनें: वळकटी गुंडाळली कीं बैठक, पाट मांडले कीं जेवणघर. आपण त्यास गरिबीची खूण मानून लाजलों. जपान्यांनीं त्यांतच सौंदर्य पाहिलें. वस्तुतः जागा आयती सांपडत नसते, ती करावी लागते.

म्हणून विद्यार्थ्यांनीं उद्यां सकाळीं आपलें अंथरूण आपण उचलावें, ६ फूट लांब व ३ फूट रुंद जमीन पुसून घ्यावी व शिक्षकांनीं शिकविलेलीं आसनें तेथें शांतपणें करावीं. पालकांस आमची विनंती इतकीच कीं, त्या वीस मिनिटांत मुलास कामास हांक मारूं नये व मोबाईलचा आवाज बंद ठेवावा. एवढी एक चटई प्रत्येक घरांत निघूं शकेल, असा आमचा विश्वास आहे.